नितळ पाण्याची घागर

लिहिणारा आधी क्षमा मागतो. त्याची शाळा नववीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल तर वाचणाऱ्यांनी मनातल्या मनात सुधारून घ्यावे. मोठे शब्द त्याला येत नाहीत, म्हणून रोजच्या बोलण्यातलेच वापरले आहेत. वर्षावासात आपल्या विहारात वाचण्यासाठी ही कथा लिहिली आहे.

पूर्वी भद्रवती नगरीत उदयसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व गेरूमाळ नावाच्या गावी एका लहान शेतकऱ्याच्या घरी जन्मले. त्यांचे नाव धीरक होते. गाव त्यांना एकेरीच हाक मारी, म्हणून या कथेतही तसेच म्हटले आहे.

गेरूमाळ डोंगराच्या उतारावर होते. माती गेरूसारखी लाल. लोक नाचणी, कोद्रा आणि थोडे तीळ पिकवीत. जमीन कोणा एकाची नव्हती, सगळ्या गावाची होती. दर चार वर्षांनी माघ महिन्यात गावचा मुख्य, वृद्ध नीलक, एका मडक्यात प्रत्येक घराची रंगवलेली कवडी टाकी आणि डोळे मिटून एकेक काढी. ज्या क्रमाने कवडी निघेल त्या क्रमाने शेताची पट्टी मिळे. पट्ट्या डोंगरमाथ्यापासून पायथ्याच्या ओहोळापर्यंत उभ्या आणि चिंचोळ्या होत्या. त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला माथ्याचे दगडही येत आणि पायथ्याची कसदार मातीही येई. वाडवडिलांनी हा न्याय विचार करून लावला होता आणि त्यावरून गावात कधी भांडण झाले नव्हते.

पण या न्यायाच्या पोटात एक खोट होती. पट्टी अरुंद, म्हणून आडवा नांगर धरला तर वीस पावलांवर बैल वळवावे लागत. म्हणून सगळे उभा नांगर धरीत, वरून खाली आणि खालून वर. पावसाचे पाणी नांगराने पडलेल्या त्याच तासांतून धावत सुटे. आणि चार वर्षांनी जाणाऱ्या शेतात कोणी एक दगडसुद्धा आडवा ठेवीत नसे. गावात म्हणच होती, की पाहुण्या गाईसाठी गंजी कोण रचतो?

गावात आणखी एक रीत होती. तिला रंगपाणी म्हणत. श्रावणात पाऊस भरात असताना प्रत्येक घरची बाई आपल्या पट्टीच्या पायथ्याला वाहणाऱ्या पाण्याची घागर भरून डोंगरदेवाच्या ओट्यावर आणी. ज्या घरची घागर सगळ्यांत लाल, त्या घरच्या बैलाला देवाचा पहिला नैवेद्य मिळे. लोक म्हणत, पाणी लाल म्हणजे डोंगर प्रसन्न.

मल्लक नावाचा एक शेतकरी धीरकचा शेजारी होता. बोलायला तिखट आणि कामाला वाघ. त्याच्या बायकोचे नाव कंबला. तिच्या घागरीला लागोपाठ दोन वर्षे पहिला मान मिळाला होता आणि मल्लक ते सांगायची संधी सोडीत नसे. मल्लककडे एक बैल होता, धीरककडे एक. दोघांची सावड होती. दोन बैल एका नांगराला जुंपून आज एकाचे, उद्या दुसऱ्याचे शेत नांगरीत.

त्या माघात धीरकची कवडी सगळ्यांच्या शेवटी निघाली. त्याला मिळालेली पट्टी गावातली सर्वांत उजाड होती. वरच्या अर्ध्या भागात नखभर माती आणि बाकी नुसते खडे. धीरक तीन दिवस त्या पट्टीत वरून खाली हिंडला. चौथ्या दिवशी तो दगड वेचू लागला. सात ठिकाणी त्याने ते उताराला आडवे, वीतभर उंच, ओळीने रचले आणि ओहोळाकाठून वाळ्याची ठोंबे आणून प्रत्येक ओळीमागे दाटीने लावली.

मल्लक बांधावर उभा राहून बघत होता.

“धीरका, हे काय? देवळाचा पाया घालतोस?”

“पाणी जरा थांबवतोय.”

“पाणी आपल्या पायानं जातंय तर जाऊ दे की! आणि ह्या सात ओळींनी किती जागा खाल्ली, मोजलीस?”

“मोजली. सात मापं नाचणी कमी येईल.”

“मोजून तोटा करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला,” मल्लक म्हणाला. “चार वर्षांनी ही पट्टी दुसऱ्याची. तू दुसऱ्याच्या पोराला न्हाऊमाखू घालतोस आणि स्वतःचं उपाशी ठेवतोस.”

धीरक हसला आणि पुढचा दगड उचलला.

नांगरणीच्या वेळी तर मल्लक वैतागलाच. धीरकच्या पट्टीत नांगर आडवा धरायचा होता. वीस पावले झाली की बैल वळवायचे, पुन्हा वीस पावले, पुन्हा वळवायचे. “माझा चांद्या चक्कर येऊन पडेल,” तो ओरडला. “बैल आहे तो, भोवरा नाही!” पण सावडीचा शब्द मोडायची गावात रीत नव्हती. तो कुरकुरत राहिला आणि काम करत राहिला.

पहिल्या वर्षी धीरकला खरोखरच सात मापे नाचणी कमी आली. फाल्गुनात त्याच्या घरी रानकंद उकडून खाल्ले गेले. श्रावणात रंगपाण्याच्या दिवशी तर हसूच झाले. सगळ्या घागरी लाल आणि धीरकच्या घरची घागर पांढरट, जवळजवळ नितळ. बायका एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. एक म्हणाली, देवाचा कोप आहे. नीलकबाबांनी ती घागर ओट्याच्या अगदी कडेला ठेवली. कंबला तिसऱ्यांदा पहिली आली आणि चांद्याने नैवेद्याची खीर चाटून पुसून खाल्ली.

दुसऱ्या वर्षी दोघांचे पीक सारखे झाले. वाळ्याची पाती लांब वाढली होती. धीरकने ती कापून छप्पर शाकारले. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात पाऊस वीस दिवस उघडला. सगळ्या डोंगरावर नाचणी माना टाकू लागली. धीरकच्या पट्टीत, दगडांच्या ओळींमागे जिथे माती साठून हातभर जाड झाली होती, तिथे मात्र ओल टिकली. मल्लकला त्या वर्षी बावीस मापे झाली, धीरकला एकोणचाळीस. मल्लकने ते आकडे ऐकले आणि म्हणाला, “दैव. दुसरं काय?”

चौथ्या वर्षीची सुगी झाली. सोडतीला महिना उरला असताना नगरीहून तिरीट नावाचा गंधी आला. वाळ्याची मुळे विकत घेऊन तो त्यांचे अत्तर काढी आणि राजवाड्याच्या खिडक्यांसाठी पडदे विणून घेई. धीरकच्या पट्टीतला वाळा त्याने खालून वर चालत पाहिला. एक ठोंब उपटून मुळे नाकाशी धरली. डोळे मिटले.

“सातही ओळी दे,” तो म्हणाला. “एक तरणी बैलजोडी देतो. नगरीच्या बाजारातली.”

मल्लक तिथेच उभा होता. बैलजोडी म्हटल्यावर त्याच्या हातातली काठी गळाली. “हो म्हण, धीरका! अरे, महिन्याभरात पट्टी दुसऱ्याची. लावलेलं लावणाऱ्याचं, हा गावचाच नियम. तुला बोल लावणारा कोण आहे?”

धीरकला बैल नको होते असे नाही. चांगल्या जोडीसाठी त्याने कितीदा तरी मन मारले होते. तो बराच वेळ वाळ्याच्या पात्यांवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, “वाळा माझा आहे. पण त्याच्या मुळांनी धरून ठेवलेली माती माझी नाही. मुळं काढली तर ती जाईल.”

“तुझी कुठं जाईल? दुसऱ्याची जाईल!”

“हो. ज्याची कवडी निघेल त्याची.”

“तो तुझा कोण लागतो?”

“अजून ठाऊक नाही,” धीरक म्हणाला.

गंधी मोठ्याने हसला. “वाळा डोकं थंड ठेवतो असं मीच लोकांना सांगतो. पण इतकं थंड झालेलं डोकं आज पाहिलं.” आणि तो गेला.

जाता जाता मल्लकने धीरकला विचारले, “खरं सांग, का करतोस हे?”

धीरक म्हणाला, “ही पट्टी मिळाली तेव्हा तीन दिवस मी आधीच्या माणसाला शिव्या देत हिंडलो. चौथ्या दिवशी वाटलं, चार वर्षांनी इथं कोणीतरी असाच हिंडेल. तो माझ्या नावानं काय म्हणेल? बस, एवढंच.”

माघात मडके हलले. नीलकबाबांनी डोळे मिटून कवडी काढली आणि धीरकची पट्टी मल्लकला गेली. पुढची कवडी धीरकची निघाली आणि मल्लकची जुनी, धुपून झिजलेली पट्टी त्याला गेली. सगळे गाव हसत सुटले. कंबला पदर तोंडाला लावून नवऱ्याला म्हणाली, “अहो, देव आंधळा नाही. नुसता विनोदी आहे.”

मल्लकला हसू आले नाही. आपण त्या पट्टीत चार वर्षांत एक दगडही आडवा ठेवला नव्हता, हे त्याला ठाऊक होते. धीरक मात्र जवळ येऊन म्हणाला, “तिसऱ्या ओळीपाशी माती सगळ्यांत जाड आहे. तिथं तीळ घाल.” आणि आपले फावडे घेऊन तो नव्या पट्टीत दगड वेचायला गेला.

वैशाख आला. शेते उघडी पडली होती आणि मल्लकची कणगी तळाला गेली होती. आदल्या वर्षांची तूट अजून भरली नव्हती. घरात पाच तोंडे होती. नवी पट्टी पिकली तरच पुढचे वर्ष निघणार होते. अशा वेळी तिरीट गंधी पुन्हा आला. या वेळी तो मल्लककडेच गेला. सोबत एक नवी घुंगुरमाळ आणली होती. ती त्याने न विचारताच चांद्याच्या गळ्यात घातली.

“ही विसार म्हणून,” तो म्हणाला. “मुळं द्या, जोडी न्या.”

लावलेले लावणाऱ्याचे, हा नियम मल्लकला आठवला. पण धीरकने वाळा पट्टीतच सोडला होता आणि सोडलेले नव्या धन्याचे, असाही नियम होता. म्हणजे मुळे मल्लकचीच. कंबला म्हणाली, “अहो, आधी धीरकभावजींना विचारा.”

“त्याला काय विचारायचं? तो नाहीच म्हणणार.”

“म्हणूनच म्हणते, विचारा.”

मल्लकने विचारले नाही. तो मनाशी हिशेब करीत होता. बैलजोडी आली की सावड सुटेल. वेळेवर नांगरणी होईल. वेळेवर नांगरणी म्हणजे दहा मापे जास्त. माती काय, आणखी चार वर्षे तरी जात नाही. त्याने माथ्यापासून खणायला सुरुवात केली. दोन दिवसांत वरच्या दोन ओळी उपटल्या. मुळांच्या जुड्या बांधून सावलीत ठेवल्या. सगळी पट्टी वाळ्याच्या वासाने भरून गेली आणि त्याच्या मनात कुठेतरी काटा सलत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी वळीव आला. आधी वावटळ उठली, मग गारा आल्या, मग पाऊस कोसळला. पावसाळ्यातला पाऊस निदान पिकाच्या पानांवर पडतो. वळवाच्या पावसाला पाने नसतात, नुसती उघडी माती असते. मल्लक फावडे टाकून झोपडीच्या आडोशाला धावला आणि तिथून त्याने पाहिले. जिथे दोन ओळी होत्या तिथून पाणी लाल होऊन उसळत खाली येत होते. दगड घरंगळत होते. वरच्या दोन तुकड्यांची माती त्याच्या डोळ्यांसमोर सुटली. धीरकने चार वर्षे थांबवलेली माती होती ती.

पाऊस अर्धी घटका पडला. तो थांबण्याआधीच मल्लक पळत सुटला. त्याला वर जायचे धाडस झाले नाही. तो पायथ्याला गेला. गावात सगळ्यांना ठाऊक होते, की पट्टीचे काय झाले ते पायथ्याचे पाणी सांगते.

ओहोळाकाठी चिखल होता. उजवीकडच्या पट्टीतून लाल पाणी धो धो येत होते. डावीकडच्या पट्टीतूनही. मल्लक आपल्या पट्टीच्या टोकाशी गुडघ्यांवर बसला. दगडांच्या शेवटच्या ओळीतून, वाळ्याच्या बुडख्यांमधून, पाणी हळूहळू झिरपत येत होते. त्याने दोन्ही हातांची ओंजळ त्याखाली धरली. ओंजळ भरली. ओंजळीच्या तळाशी त्याला आपल्या तळहातावरच्या रेषा दिसल्या.

तो तसाच बसून राहिला. कंबला धापा टाकत आली तेव्हा त्याचे खांदे हलत होते.

“अहो, हसताय की रडताय?”

“दोन्ही,” मल्लक म्हणाला. “एकेक करून जमत नाहीये.”

मग दोघे वर चढत गेले. सातवी ओळ जागच्या जागी होती. सहावी, पाचवी, चौथी तशीच होती. तिसऱ्या ओळीपाशी येऊन ते थांबले. वरून सुटलेली सगळी माती तिथे येऊन अडली होती. वाळ्याची पाती निम्मी गाडली गेली होती, पण ओळ हलली नव्हती. माती गेली नव्हती, नुसती खाली सरकली होती. कंबलाने पायाने दाबून पाहिले आणि म्हणाली, “वाचलो बाई.”

तेवढ्यात मल्लकची नजर पलीकडे गेली. त्याची जुनी पट्टी, जी आता धीरकची होती, पार धुऊन निघाली होती. तिथे तीन महिन्यांत धीरकच्या जेमतेम दोन ओळी रचून झाल्या होत्या, त्यांत वाळा अजून लावलेला नव्हता. पाण्याने दोन्ही ओळी फोडल्या होत्या. उभ्या तासांचे ओघळ झाले होते. ती उभी तासे मल्लकच्याच नांगराची होती.

आणि त्या पट्टीतून धीरक चालत येत होता. डोक्यावर टोपली, खांद्यावर फावडे.

मल्लकने मान खाली घातली. धीरकने वर पाहिले, उपटलेल्या दोन ओळी पाहिल्या, सावलीतल्या जुड्या पाहिल्या. मग तिसऱ्या ओळीपाशी वाकून मातीत हात घातला.

“थांबली,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. “चला, ओली आहे तोवर वर नेऊ. वाळली की जड जाईल.”

“धीरका, तुझ्या शेताचं काय झालं ते पाहिलंस ना?”

“पाहिलं. तिथली गेली. गेलेल्या मातीला हाक मारून ती येत नाही. ही थांबली आहे, हिला आधी उचलू.”

“मी तुझ्या ओळी उपटल्या.”

“तुझ्याच होत्या,” धीरक म्हणाला. “टोपली धर.”

तिघांनी मिळून ती माती टोपल्यांनी वर नेली. सहा दिवस लागले. पहिल्या दिवशी मल्लक मान खाली घालून टोपल्या वाहत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने धीरकच्या टोपलीपेक्षा आपली जास्त भरायला सुरुवात केली आणि तिसऱ्या दिवशी कंबला म्हणाली, “पुरे आता! पाठ मोडली तर पश्चात्ताप कशानं करणार?” तेव्हा कुठे तिघे हसले.

तिरीट गंधी मुळे न्यायला आला, तेव्हा मल्लकने चांद्याच्या गळ्यातली घुंगुरमाळ काढून त्याच्या हातात दिली. “दोन ओळींची मुळं निघाली आहेत, तेवढी न्या. उरलेल्या पाच मिळणार नाहीत.”

“आणि बैलजोडी?”

“वीस पावलांवर बैल वळवायची आता सवय झाली आहे,” मल्लक म्हणाला.

गंधीने दोन ओळींच्या मुळांबद्दल मिठाची एक गोणी दिली. मल्लकने ती निम्मी धीरकच्या घरी पोचवली. मुळे कापून उरलेली ठोंबे जिवंत होती. पाऊस लागताच निम्मी वरच्या दोन ओळींत लावली आणि निम्मी धीरकच्या पट्टीत.

श्रावण आला. रंगपाण्याचा दिवस उजाडला. ओट्यावर घागरी आल्या. सगळ्या लाल होत्या आणि या वर्षी सगळ्यांत लाल धीरकच्या घरची होती. लोक म्हणाले, चला, धीरकवरचा कोप गेला. कंबलाची घागर मात्र नितळ होती. नीलकबाबा ती कडेला सरकवू लागले, तेव्हा मल्लक पुढे झाला.

“बाबा, थोडं थांबा. आज नैवेद्य दुपारी द्या. तोवर घागरींना कोणी हात लावू नका.”

“अरे, हरलास म्हणून खोळंबा करतोस?” कोणीतरी ओरडले.

“हरलो खरा,” मल्लक म्हणाला. “किती हरलो ते दुपारी दाखवतो.”

लोक कुरकुरत बसले. दुपारी त्याने एकेका घागरीतले पाणी हळूच ओतले. वरचे पाणी गेले आणि प्रत्येक घागरीच्या तळाशी लाल गाळ उरला. कुणाच्या दोन बोटे, कुणाच्या तीन. धीरकच्या घागरीत चार बोटे. मल्लकने तो गाळ मुठीत घेतला.

“ही माझी नाचणी आहे,” तो म्हणाला. “ही पट्टी सहा महिन्यांपूर्वी माझी होती. चार वर्षं मी उभा नांगर धरला, म्हणून आज धीरकची घागर पहिली आली. आणि ही माझी घागर बघा.” त्याने कंबलाची घागर उपडी केली. तळाशी नखभर गाळ होता. “डोंगर प्रसन्न होता तो ह्या घागरीत. आपण नैवेद्य देत होतो तो आपलंच पोट वाहून जाण्याला.”

एका म्हाताऱ्याने आपल्या घागरीतला गाळ बोटाने चाचपला आणि बोट धोतराला न पुसता तसाच बसून राहिला.

मग एक शेतकरी म्हणाला, “कळलं रे. पण पहिल्या वर्षी सात मापं कमी येणार ती कोण भरून देणार? आणि फळ खाणार पुढचा. सगळ्यांना धीरकचं काळीज नसतं.”

हा प्रश्न खरा होता आणि मल्लकने तीन महिने त्यावरच विचार केला होता. “नसतं. माझं तर नव्हतंच,” तो म्हणाला. “म्हणून काळजावर सोपवू नका, रीत लावा. सोडतीत ज्याला बांधलेली पट्टी मिळेल, त्यानं आधीच्या माणसाच्या नव्या पट्टीत जाऊन, दर ओळीमागं पाच दिवस काम करावं. सात ओळी मिळाल्या तर पस्तीस दिवस. म्हणजे बांधणाऱ्याचे कष्ट त्याच्या मागून चालत येतील.”

“आणि पट्टीत ओळी नसल्या तर?”

“तर कोणी यायचं नाही. एकट्यानं खडे वेचत बसावं.”

“आणि बैल वळवण्यात दिवस जातो त्याचं काय?” मागून आवाज आला.

आता कंबला बोलली. “शेजारच्या दोघांनी सावड करून दोन पट्ट्या मिळून आडवा नांगर धरावा. बैल निम्म्या वेळा वळवावे लागतील. चार वर्षं आमच्या घरात रोज त्या वळणांच्या तक्रारी ऐकल्या, तेव्हा हे सुचलं.”

लोक हसले. नीलकबाबांनी मडक्यावर हात ठेवून ती रीत गावची रीत केली. त्या दिवशी पहिला नैवेद्य कोणाला द्यावा यावर थोडा वाद झाला. शेवटी चांद्याला आणि धीरकच्या बैलाला एका परातीत दिला.

मल्लकने कोणाच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. सुगीनंतर तो पस्तीस दिवस धीरकच्या पट्टीत राबला. पुढच्या सोडतींमध्ये गेरूमाळच्या लोकांनी पट्टी घेताना आधी ओळी मोजल्या आणि सोडताना एक तरी जास्त करून सोडली. काही वर्षांनी रंगपाण्याच्या दिवशी ज्या घरची घागर नितळ, त्या घरच्या बैलाला पहिला मान मिळू लागला. म्हाताऱ्या झालेल्या मल्लकला नातवंडे विचारीत, आजोबा, तुमची घागर कधी पहिली आली होती? तो म्हणे, “तीनदा. पण ते सांगण्यासारखं नाही.”

धीरक पुण्यकर्मे करीत राहिला आणि आयुष्य संपल्यावर आपल्या कर्मानुसार गेला. गावाने त्याच्या नावाने दोन ओळी म्हणायला सुरुवात केली:

हातून जाणार हे जाणून जो शेत राखतो,
ते कोणाकडेही गेले तरी त्याच्यापासून जात नाही.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा उत्तिय नावाच्या भिक्षूसाठी सांगितली. वर्षावासात त्याला मिळालेल्या कुटीचे छप्पर गळत होते. शाकारायचे गवत दारात पडले होते, पण तो म्हणाला, “तीन महिन्यांनी मी जाणार, पुढच्या वर्षी इथे दुसरा राहील. मी कशाला शाकारू?” ते शास्त्यांच्या कानावर गेले. कथा सांगून झाल्यावर ते म्हणाले, “त्या वेळचा मल्लक म्हणजे हा उत्तिय. तेव्हाही याला उशिरा कळले, पण कळले. कंबला म्हणजे विहारात पाणी भरणारी उपासिका कंका. वृद्ध नीलक म्हणजे आपल्या बागेचा माळी. तिरीट गंधी म्हणजे आज सकाळी उत्तियकडून ते गवत मागून नेऊ पाहणारा वाटसरू. आणि धीरक म्हणजे मीच होतो.” उत्तियने त्याच दिवशी छप्पर शाकारले.

ओळखीच्याला दिलेले दान सोपे असते. जो अजून ठाऊकही नाही, त्याच्यासाठी राखून ठेवणे ही दानपारमिता होय.

ही कथा रविवारी विहारात वाचून झाली. लिहिणाऱ्याने अर्धेलीने, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर, केलेले शेत येत्या पाडव्याला सुटणार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथे गेला आणि तालीचे, म्हणजे दगडी बांधाचे, ढासळलेले अकरा दगड परत बसवले. बारावा एकट्याला उचलेना. वाटेने एक अनोळखी माणूस चालला होता. लिहिणाऱ्याला कोणाला हाक मारायची सवय नाही, पण त्याने मारली.